भिंतीतला 'जी': बेस गिटार, जुना लॅपटॉप आणि लिनक्सवर घरच्या घरी रेकॉर्डिंग

गेल्या पावसाळ्यात आमच्या बँडच्या एका गाण्याचा बेस मी घरीच रेकॉर्ड करत होते. गाणं शेवटी मोकळ्या 'जी' तारेवर येऊन थांबतं आणि तो सूर चार मात्रा नुसता विझत जातो. ऐकताना लक्षात आलं की विझता विझता सूर हेलकावे घेतोय, सेकंदाला दोनदा, अगदी मोजून. तार जुनी झाली असेल म्हणून नवा संच चढवला. हेलकावे तसेच. इंटोनेशन, म्हणजे मानेवर प्रत्येक जागी सूर नेमका लागतो का, तेही पाहिलं. जागेवर होतं. शेवटी रात्री उशिरा तारांवर तळहात ठेवून नुसतं रेकॉर्डिंग चालू केलं आणि आवाज पूर्ण वाढवून ऐकलं. मी काहीच वाजवत नव्हते, तरी तिथे एक सूर होता. 'जी'च, पण किंचित चढा.

आपल्याकडची घरगुती वीज २३० व्होल्टची आणि ५० हर्ट्झची. बेसच्या 'ई' तारेवर तिसऱ्या फ्रेटला (फ्रेट म्हणजे मानेवरची आडवी धातूची पट्टी) जो 'जी' लागतो त्याची कंपनसंख्या ४९ हर्ट्झ, आणि मोकळ्या 'जी' तारेची ९८. विजेचं हमिंग (तिची अखंड घुमघुम) ५० वर येतं आणि त्याची दुप्पट १०० वर. १०० आणि ९८ मधला फरक दोन, म्हणून सेकंदाला दोन हेलकावे. तानपुरा जुळवताना दोन तारा जवळ आल्या पण मिळाल्या नाहीत की जे ऐकू येतं, तेच. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असते, तिथे हमिंग 'बी'च्या जवळ पडतं. आपल्या भिंतीत 'जी' वाजतो, आणि रॉकमध्ये 'जी' किती वेळा लागतो हे बेस वाजवणाऱ्याला सांगायला नको.

हे आधी सांगितलं, कारण 'हमिंग नंतर सॉफ्टवेअरने काढता येतं' हा सल्ला सगळीकडे मिळतो. बेसच्या बाबतीत तो घातक आहे. ५० हर्ट्झला इक्वलायझरने (ठरावीक स्वर कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) खाच पाडली की त्याच्याबरोबर तुमचा खालचा 'जी'ही गेला. म्हणून माझ्या सगळ्या पद्धतीचा पाया एकच आहे: तारेपासून कॉम्प्युटरपर्यंतचा सूर कोरा आणि स्वच्छ आणायचा, तो तसाच जपायचा, आणि बाकीची सजावट त्याला धक्का न लावता वरून करायची. कोरा सूर चांगला असेल तर त्याचं पुढे काहीही करता येतं. तो बिघडला असेल तर महागातलं सॉफ्टवेअरही कामाला येत नाही.

आधी वाद्य

बहुतेक बेस गिटारांची सरगम-लांबी, म्हणजे मानेच्या टोकाच्या नटपासून तारा जिथे अडकतात त्या ब्रिजपर्यंतचं अंतर, ३४ इंच असते. लिओ फेंडरच्या कंपनीने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणला तेव्हापासून हे माप रूढ झालं. इतक्या लांब मानेचं लाकूड हवेला लगेच प्रतिसाद देतं. बडोद्यात मे महिन्यात हवा कोरडी, पारा चाळिशीच्या वर, आणि जुलैत भिंतीला हात लावला तरी ओल जाणवते. माझ्या बेसच्या मानेचा बाक या दोन महिन्यांत दरवर्षी बदलतो. म्हणून वर्षातून दोनदा, उन्हाळा लागताना आणि पहिला पाऊस होऊन गेल्यावर, मी पुढचं सगळं तपासते.

'ई' तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने आणि शेवटच्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात एक साधं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी फट हवी, साधारण ०.३ मिलिमीटर. फट जास्त असेल तर मानेतला ट्रस रॉड ॲलन कीने घड्याळाच्या दिशेने फिरवायचा, कमी असेल तर उलट. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त कधीच नाही. मग तार परत सुरात आणायची, थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि पुन्हा पाहायचं. रॉड घट्ट बसला असेल आणि जोर लावावा लागत असेल तर थांबा, वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडे न्या.

मग तारेची उंची. बाराव्या फ्रेटपाशी 'ई' तार अडीच मिलिमीटर आणि 'जी' तार दोन मिलिमीटर, इथून सुरुवात करा. जोरात वाजवणाऱ्यांनी थोडी वर ठेवावी. इंटोनेशन सर्वांत शेवटी: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून निघणारा सूर) आणि तोच फ्रेट दाबून आलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला सूर चढा येत असेल तर ब्रिजवरचं सॅडल मानेपासून लांब सरकवा, उतरा येत असेल तर जवळ आणा.

तारांबद्दल एकच सांगते. नव्या राउंडवाउंड (वरून गोल तार गुंडाळलेल्या) तारांची झणझण पहिल्या आठवड्यात फार असते, रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी त्या चढवू नका. मी .०४५ ते .१०५ इंच जाडीचा संच वापरते आणि दहा-बारा तास वाजवून झाल्यावरच रेकॉर्डिंगला बसते.

मग वीज

आमचं घर दांडिया बाजारातलं, जुनं. वायरिंग माझ्या जन्माआधीचं. त्या हेलकाव्यांच्या रात्रीनंतर मी वायरमनना बोलावलं. त्यांनी माझ्या टेबलामागचा तीन पिनांचा सॉकेट उघडला, वरच्या जाड भोकात डोकावले आणि म्हणाले, "बेन, आमां तो अर्थिंग ज नथी." सॉकेटला तीन भोकं होती, पण तिसऱ्याला मागे तारच जोडलेली नव्हती. इतकी वर्षं कॉम्प्युटर, अँप, इस्त्री, सगळं त्यावरच चाललं होतं. हमिंग ही त्यातली लहान गोष्ट. धातूच्या तारांना दोन्ही हात लावून बसणाऱ्या माणसासाठी तो जिवाचा प्रश्न आहे. घराचं अर्थिंग नीट करून घेणं ही या लेखातली पहिली खरेदी समजा. हमिंग जावं म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे लोक आहेत, त्यांचं ऐकू नका.

अर्थिंग झाल्यावरही हमिंग राहिलं तर ते कुठून येतंय ते असं शोधा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. आवाज गेला तर दोष चार्जरचा. बेस हातात धरून खुर्चीवर बसल्या जागी हळूहळू गोल फिरा. काही दिशांना हमिंग कमी होत असेल तर ते पिकअपमध्ये (तारांचं कंपन विजेत बदलणाऱ्या वेटोळ्यात) हवेतून शिरतंय, आणि जवळचा ट्रान्सफॉर्मर, स्टॅबिलायझर किंवा अँपचं अडॅप्टर त्याला कारण आहे. तारांना हात लावला की आवाज कमी होतो का? थोडा कमी होणं सर्वसाधारण आहे. फार फरक पडत असेल तर आतल्या पोकळीला तांब्याची चिकटपट्टी लावून शील्डिंग करून घ्या. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि मंद होणारे दिवे हमिंगपेक्षा वेगळा, करकरणारा आवाज देतात. ते बंद करून बघा. लाइट गेली आणि इन्व्हर्टर चालू झाला तर रेकॉर्डिंग थांबवा. साध्या इन्व्हर्टरची वीज चौकोनी लाटेची असते आणि ती करकर वरच्या पट्टीपर्यंत पसरते.

पिकअपचा प्रकारही पाहा. प्रिसिजनचं दोन तुकड्यांचं पिकअप, जे १९५७ मध्ये आलं, हमिंग आपोआप रद्द करतं, कारण दोन वेटोळी एकमेकांच्या उलट गुंडाळलेली असतात. जाझ बेसला दोन सिंगल कॉइल असतात. त्यांचे दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असले तरच हमिंग कटतं, एक जरा कमी केला की परत येतं. जाझ बेस असेल तर रेकॉर्डिंगच्या वेळी दोन्ही पूर्ण ठेवा.

तारेतून कॉम्प्युटरमध्ये

लॅपटॉपच्या माइकच्या भोकात बेस लावू नका. पॅसिव्ह पिकअपला समोरून मोठा रोध लागतो, साधारण १ मेगाओम. माइकच्या इनपुटचा रोध त्याच्या कित्येक पट कमी असतो, त्यामुळे वरचे सगळे स्वर दबतात आणि बेस घोंगडीखाली वाजल्यासारखा येतो. यासाठी यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे वाद्याचा सूर कॉम्प्युटरला देणारा छोटा डबा घ्या, ज्याच्यावर 'इन्स्ट्रुमेंट' किंवा 'हाय-झी' लिहिलेलं इनपुट आहे. लिनक्ससाठी (विंडोजच्या जागी चालणारी मुक्त प्रणाली) निवडताना एकच शब्द शोधा: क्लास कम्प्लायंट. म्हणजे वेगळा ड्रायव्हर लागत नाही, लावला की चालतो. ज्यांची अर्धी बटणं कंपनीच्या विंडोज सॉफ्टवेअरमध्येच असतात असे इंटरफेस टाळा. बटणं डब्यावरच असलेला साधा, एक-दोन इनपुटचा इंटरफेस उत्तम.

थेट केबलने रेकॉर्ड करण्याचा आपल्या गावी एक मोठा फायदा आहे. नवरात्रात नऊ रात्री आमच्या गल्लीत गरबा असतो, उत्तरायणाला गच्चीगच्चीवर स्पीकर आणि पिपाण्या. माइकसमोर अँप ठेवून रेकॉर्ड करायचं तर ते दिवस गेलेच. केबलला बाहेरचा ढोल ऐकू येत नाही. मागच्या अष्टमीला खिडकीची काच थरथरत असताना मी हेडफोन लावून एक पूर्ण गाणं रेकॉर्ड केलं आणि त्यात गरब्याचा कणही नाही. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत जेम्स जेमरसनही बेस थेट केबलनेच मिक्सिंग कन्सोलला देत असे, तेव्हा ही पद्धत कमी दर्जाची आहे असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका.

लिनक्स घालणं

माझा लॅपटॉप २०१४चा आहे. ८ जीबी रॅम, आणि जुनी हार्ड डिस्क काढून घातलेली एसएसडी. विंडोजवर तो उठायलाच पाच मिनिटं घ्यायचा. आता त्यावर उबंटू स्टुडिओ हा लिनक्सचा प्रकार आहे आणि वीस ट्रॅकचं गाणं तो सहज चालवतो. उबंटू स्टुडिओ सुचवण्याचं कारण सरळ आहे: रेकॉर्डिंगला लागणारी आर्डर (रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग), हायड्रोजन (ड्रम), गिटारिक्स (अँपचे आवाज) ही सॉफ्टवेअरं त्यात आधीच असतात आणि ऑडिओला वेळेवर प्रोसेसर मिळावा यासाठीच्या परवानग्याही लावलेल्या असतात. डेबियन किंवा फेडोरा आवडत असेल तर तेही चालतं, फक्त तुमच्या युजरला 'ऑडिओ' गटात घालणं वगैरे कामं स्वतः करावी लागतात.

दीर्घ मुदतीची, एलटीएस आवृत्ती उतरवा. १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर आधी व्हेंटॉय (पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करू देणारं साधन) बसवा, मग उतरवलेली आयएसओ फाइल त्यात नुसती कॉपी करा. लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू करा, पण लगेच इन्स्टॉल करू नका. आधी 'ट्राय' निवडा, इंटरफेस लावा, हेडफोनमध्ये काहीतरी वाजवून पाहा. इथे चाललं तर पुढेही चालेल. नाही चाललं तर लॅपटॉपवरच्या एकाही फाइलला धक्का न लागता तुम्हाला ते कळलेलं असेल. घरचे फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे ठेवून मगच इन्स्टॉल करा.

इन्स्टॉल झाल्यावर पॉवर सेटिंगमध्ये 'परफॉर्मन्स' निवडा. रेकॉर्डिंगच्या वेळी वायफाय बंद ठेवा, ब्राउझर बंद ठेवा. इंटरफेस यूएसबी हबमध्ये न लावता थेट लॅपटॉपला लावा. जुन्या यंत्रावर या चार सवयींनी जेवढा फरक पडतो तेवढा नवी रॅम घालूनही पडत नाही.

आर्डर उघडल्यावर

आर्डर हे पॉल डेव्हिस यांनी सुरू केलेलं मुक्त सॉफ्टवेअर. लिनक्सवरच्या ऑडिओचा कित्येक वर्षांचा कणा असलेलं जॅकही त्यांचंच. आर्डरच्या साइटवरची तयार आवृत्ती घ्यायला पैसे मागतात, लिनक्सच्या भांडारातून आलेली फुकट असते. मी पहिल्या वर्षी फुकट वापरलं, मग पैसे भरले, आणि ज्याला जमेल त्याने भरावेत असं मनापासून सांगते. मोजके लोक हे इतकं मोठं काम चालवतात.

नवं सेशन उघडलं की ऑडिओ सेटअपची खिडकी येते. तिथे ऑडिओ सिस्टिम म्हणून 'अल्सा' (लिनक्सची मूळ आवाज-यंत्रणा) निवडा, डिव्हाइस म्हणून तुमचा इंटरफेस, सँपल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) ४८ किलोहर्ट्झ, बफर (एका वेळी किती नमुने हाताळायचे) १२८. अल्सा निवडल्यावर इंटरफेस फक्त आर्डरच्या ताब्यात जातो, त्यामुळे तेव्हा ब्राउझरचा आवाज त्यातून येणार नाही. बिघाड झाला असं समजू नका. जॅक, पाइपवायर, त्यांची जोडण्यांची जाळी, हे सगळं शिकण्यासारखं आहे, पण पहिलं गाणं संपेपर्यंत त्यात शिरू नका. मी शिरले होते आणि दोन रविवार एकही सूर न वाजवता गेले.

बफरचं गणित सोपं आहे. १२८ भागिले ४८,००० म्हणजे २.७ मिलिसेकंद. २५६ला ५.३. १,०२४ला २१. प्रत्यक्ष जाऊन-येऊन विलंब याच्या दुपटीहून थोडा जास्त असतो. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे १० मिलिसेकंद विलंब हा अँपपासून साडेतीन मीटर लांब उभं राहून वाजवण्यासारखा. तेवढा चालतो. २० च्या पुढे गेलं की बोटं आपोआप मागे रेंगाळायला लागतात. वाजवताना टकटक आवाज आले, आर्डरच्या वरच्या पट्टीवर एक्स-रनचा (वेळेत न पोचलेल्या आवाजाचा) आकडा वाढायला लागला, तर बफर २५६ करा. रेकॉर्डिंग संपून मिक्सिंग सुरू केलं की सरळ १,०२४ करा, तेव्हा विलंबाने काही बिघडत नाही आणि प्रोसेसरला श्वास मिळतो.

एक गोष्ट जवळजवळ सगळे विसरतात: त्याच खिडकीत विलंब मोजण्याची 'कॅलिब्रेट' सोय आहे. इंटरफेसच्या आउटपुटमधून केबल काढून त्याच्याच लाइन इनपुटला जोडा, मोजा, आलेले आकडे वापरायला सांगा. हेडफोनचा आवाज आधी शून्यावर आणा, कारण मोजताना कर्कश आवाज येतो. हे केलं नाही तर रेकॉर्ड झालेला बेस ड्रमच्या काही मिलिसेकंद मागे बसू शकतो आणि आपण उगाच स्वतःच्या तालाला दोष देत बसतो.

आता एक मोनो ट्रॅक घाला, इनपुट १ जोडा. गाण्यातला सर्वांत जोराचा भाग वाजवत इंटरफेसवरचा गेन वाढवा. मीटरवरचं टोक उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिलं की थांबा. 'लाल होईपर्यंत चढवा' हा टेपच्या काळातला सल्ला होता. २४ बिटमध्ये खाली इतकी जागा असते की उणे १२ ला ठेवल्याने काहीही गमावत नाही, आणि शून्याच्या वर गेलेला सूर मात्र कायमचा फाटतो. बेसवरचा टोन नॉब पूर्ण उघडा ठेवा. वरचे स्वर नंतर कमी करता येतात, नसलेले आणता येत नाहीत.

ताल

मेट्रोनोमच्या नुसत्या क्लिकवर बेस वाजवला तर तो क्लिकसारखाच कोरडा येतो. हायड्रोजन हे ड्रम मशीन उघडा, त्याबरोबर येणारा 'जीएमरॉककिट' संच घ्या आणि दोन पॅटर्न बनवा, एक कडव्याचा आणि एक धृपदाचा. किक आणि स्नेअर पुरे, हाय-हॅटवर आठ ठोके. मास्टर मिक्सरमध्ये ह्युमनाइझच्या कळा आहेत, त्या किंचितच फिरवा. गाण्याचा आराखडा सलग मांडून वेव्ह फाइल बनवा आणि आर्डरमध्ये आणा. आर्डरचा टेंपो तोच ठेवा, म्हणजे मात्रांच्या रेषा जुळतील. दोन्ही प्रोग्रॅम एकमेकांना बांधून एकत्र पळवता येतात, पण नवख्याने फाइलच आणावी.

टेक घेणं

ट्रॅकवरचं लाल बटण दाबा, वरचं रेकॉर्ड बटण दाबा, स्पेस बार. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असेल तर ते चालू करा आणि आर्डरमधलं मॉनिटरिंग बंद करा, म्हणजे स्वतःचा बेस विलंबाशिवाय ऐकू येईल. दोन्ही चालू राहिले तर सूर दुहेरी ऐकू येतो.

प्रत्येक टेकसाठी त्याच ट्रॅकवर नवी प्लेलिस्ट (त्या ट्रॅकचा वेगळा थर) बनवा, जुना टेक पुसू नका. मी सलग तीन पूर्ण टेक घेते, मग उठून पाणी पिते आणि एकही न ऐकता चौथा घेते. बहुतेक वेळा चौथाच ठेवला जातो. तुकड्यातुकड्याने जोडलेला बेस बिनचूक असतो, पण त्यातला दम तुटतो. एखादाच सूर चुकला असेल तर तेवढाच दुसऱ्या टेकमधून आणा, आणि सांधा सुराच्या मधोमध न घेता पुढच्या सुराच्या किंचित आधी घ्या.

बोटांकडे लक्ष द्या. न वाजणाऱ्या तारा दाबून ठेवणं हे बेसच्या रेकॉर्डिंगमधलं अर्धं काम आहे. मी उजव्या हाताचा अंगठा नेहमी वाजत्या तारेच्या वरच्या तारेवर टेकवते, 'ए' वाजत असेल तर 'ई' वर. नाहीतर मोकळी 'ई' मागे गुरगुरत राहते, अँपमधून ते कळत नाही आणि हेडफोनमध्ये सगळं उघडं पडतं. सूर किती लांब ठेवायचा, स्नेअरच्या आधी तोडायचा की त्याच्या अंगावरून न्यायचा, हे आधीच ठरवा. माझ्या मते रॉकमधला बेस सुरू कुठे होतो यापेक्षा थांबतो कुठे यावर जास्त ठरतो.

शास्त्रीय गाणाऱ्यांकडून एक सवय मी उचलली आहे. सूरसागर तळ्यासमोरच्या संगीत महाविद्यालयात, जे सयाजीरावांनी १८८६ मध्ये गायनशाळा म्हणून सुरू केलं, माझी आत्या शिकली. ती पहाटे खर्ज भरायची, एकच खालचा सूर, श्वास पुरेल तेवढा. मी टेकच्या आधी दहा मिनिटं तेच बेसवर करते: मोकळी 'ई', एका जोराने छेडलेली, पूर्ण विझेपर्यंत. तिची कंपनसंख्या ४१ हर्ट्झ. ती कान आणि मनगट दोन्ही स्थिर करते.

वरची सजावट

कोरा ट्रॅक आता तुमच्याजवळ आहे. आर्डरमधले प्लगइन (आवाजावर लावायचे परिणाम) फाइल बदलत नाहीत, फक्त ऐकताना वरून चढतात. म्हणून इथे हवे तितके प्रयोग करा.

मी सर्वांत आधी ३० हर्ट्झच्या खालचं सगळं काढते. तिथे सूर नसतो, फक्त तारेवर हात आदळल्याचे धक्के असतात. मग जोराचे सूर आवरणारा कॉम्प्रेसर: रेशो ४, ॲटॅक २५ मिलिसेकंद, रिलीज १२०, आणि थ्रेशोल्ड इतका की जोराच्या सुरांवर ४ ते ६ डेसिबल कपात दिसेल. ॲटॅक फार कमी केला तर बोटाचा ठोका नाहीसा होतो. इक्वलायझरमध्ये २५० हर्ट्झच्या आसपास दोन-तीन डेसिबल कमी, ८०० च्या आसपास तितकेच वाढवून पाहा. ५० हर्ट्झला मात्र हात लावू नका, कारण वर सांगितलंच आहे.

रॉकसाठी खरी गंमत पुढे आहे. बेसवर सरळ डिस्टॉर्शन लावलं की खालचा दम जातो आणि नुसती करकर उरते. 'द हू' बँडच्या जॉन एन्टविसलसारख्या वादकांनी खालचे आणि वरचे स्वर वेगवेगळ्या अँपमधून काढून यावर उपाय केला होता. आर्डरमध्ये तेच असं करा: दोन बस (आवाज वळवून नेण्याच्या वेगळ्या वाटा) बनवा आणि बेसचा ट्रॅक दोघांकडे पाठवा. पहिल्या बसवर लो-पास फिल्टर (फक्त खालचे स्वर सोडणारा) २०० हर्ट्झला, बाकी काही नाही. दुसऱ्या बसवर हाय-पास (फक्त वरचे स्वर सोडणारा) २०० ला, त्यानंतर गिटारिक्सचं एखादं ओव्हरड्राइव्ह, त्यानंतर कॅबिनेटचा इम्पल्स रिस्पॉन्स (अँपच्या स्पीकर-पेटीच्या आवाजाची नोंद). कॅबिनेट विसरू नका, नाहीतर डिस्टॉर्शन मधमाश्यांच्या पोळ्यासारखं ऐकू येतं. दुसरी बस पूर्ण खाली आणा आणि पहिली वाजत असताना हळूहळू वर चढवा. जिथे ती वेगळी ऐकू यायला लागते, त्याच्या किंचित खाली थांबा. मग एका बसचं फेज उलटवण्याचं बटण दाबून पाहा. ज्या स्थितीत खालचा भाग भरदार वाटेल, ती ठेवा. प्लगइनांमुळे होणारा विलंब आर्डर ६ पासून, म्हणजे २०२० पासून, सगळीकडे आपोआप भरून निघतो, त्यामुळे दोन्ही वाटा एकत्रच पोचतात.

या दुसऱ्या बसचा आणखी एक उपयोग आहे. लोक गाणं मोबाइलवर ऐकतात, आणि त्या नखाएवढ्या स्पीकरमधून ४१ किंवा ४९ हर्ट्झ निघतच नाही. पण मूळ सूर गाळला तरी त्याच्या पटीतले वरचे स्वर ऐकू आले की आपला कान मूळ सूर मनात भरून काढतो. डिस्टॉर्शन नेमके तेच वरचे स्वर वाढवतं. थोडीशी करकर असलेला बेस म्हणूनच मोबाइलवरही 'दिसतो'.

खोलीवर विश्वास ठेवू नका

आपली नेहमीची खोली दहा बाय बारा. १२ फुटांच्या दोन भिंतींमध्ये साधारण ४७ हर्ट्झचा सूर घुमतो आणि १० फुटांच्या मध्ये ५६ चा. म्हणजे स्पीकरवर ऐकताना 'एफ शार्प' आणि 'ए' फुगतात, बाकीचे सूर बसायची जागा बदलली की बदलतात. अशा खोलीत स्पीकरवर बेसचा समतोल ठरवला तर दुसरीकडे तो हमखास चुकतो. खालच्या स्वरांचे निर्णय चांगल्या, कान झाकणाऱ्या हेडफोनवर घ्या, कमी आवाजात. मग मोबाइलवर, मग रिक्षातल्या किंवा गाडीतल्या स्पीकरवर ऐका. मी शेवटचं ऐकणं स्वयंपाकघरात करते: मोबाइल ओट्यावर, कुकर चालू. त्यातूनही बेसची चाल गुणगुणता आली तर मिक्स झालं.

पाठवणं आणि जपणं

एक्सपोर्ट करताना २४ बिट वेव्ह किंवा फ्लॅक (दर्जा न घटवता दाबलेली फाइल) काढा, एमपी३ फक्त व्हॉट्सॲपवर पाठवायला. आर्डर एक्सपोर्टनंतर लाउडनेसचा अहवाल दाखवतं. इंटरनेटवर टाकायचं असेल तर उणे १४ एलयूएफएसच्या (एकूण आवाजाचं माप) आसपास राहा, त्याहून वर नेलं तरी बऱ्याच ठिकाणी ते आपोआप खाली आणलं जातं.

आमचा गिटार वाजवणारा मित्र आता इंदूरला असतो. त्याला मी दोन फाइली पाठवते: कोरा बेस आणि सजवलेला बेस, दोन्ही गाण्याच्या पहिल्या क्षणापासून सुरू होणाऱ्या, म्हणजे त्याने शून्यावर ठेवल्या की जुळतात. त्याच्याकडे वेगळं सॉफ्टवेअर आहे, पण वेव्ह फाइल सगळीकडे उघडते. मागच्या महिन्यात त्याने माझा कोरा बेस त्याच्या खऱ्या अँपमधून वाजवून, समोर माइक ठेवून परत रेकॉर्ड केला. माझ्या सजावटीपेक्षा तो फार चांगला आला आणि गाण्यात तोच ठेवला.

सेशन जपायची सोय 'सेशन' मेनूतल्या 'अर्काइव्ह'मध्ये आहे. सगळं एका फाइलमध्ये बांधलं जातं, आवाज फ्लॅकमध्ये दाबून जागाही वाचते. एक प्रत लॅपटॉपवर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक दुसऱ्या घरी ठेवा. माझी तिसरी प्रत आत्याकडे, कारेलीबागेत असते. सेशनचं फोल्डर एकदा उघडून पाहा: त्यात 'इंटरचेंज' नावाच्या फोल्डरमध्ये तुमचे सगळे टेक साध्या वेव्ह फाइलींत दिसतील, आणि सेशनची मुख्य फाइल नुसत्या मजकुराची असते, कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये वाचता येते. प्रत्येक टेकच्या नावात तारीख आणि वापरलेला तारांचा संच लिहून ठेवा. हेलकावे घेणारा तो जुना 'जी' मी अजून ठेवला आहे. अर्थिंग झाल्यावर त्याच गाण्याचा तोच शेवट परत घेतला आणि दोन्ही फाइली एकाखाली एक लावल्या. नव्या टेकमध्ये सूर सरळ विझत जातो, शेवटपर्यंत.